कॉफमन उतरवून घेताना

सर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुन्हा थोडं मागे नेतात. चार वाद्यं एकदम वाजतायत आणि त्यांतलं दुसरं व्हायोलिन त्यांना वेगळं ऐकायचंय. डोळे मिटलेले, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हाताची बोटं मांडीवरच तारा दाबल्यासारखी हलतायत. मग पाच रेघांच्या कागदावर तीन टिपके पडतात आणि त्यांतला एक लगेच खोडला जातो. खिडक्या बंद आहेत, कारण संध्याकाळी औद्योगिक वसाहतीकडून वारा आला की बोईसरच्या या भागात घशाला झोंबणारा वास येतो. बंद खोलीत गजाला लावलेल्या राळेचा वास तेवढा भरून राहतो. तो माझ्या ओढणीला घरापर्यंत येतो आणि मला पुन्हा तिथे जावंसं वाटतं.

पालघरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना ओळखीच्या एका बाईंकडून मला या घराबद्दल कळलं. बोईसरला एक गृहस्थ आकाशवाणीच्या धूनवाल्याचं बाकीचं संगीत मुलांना शिकवतात, असं त्या म्हणाल्या. बाकीचं? पहाटे तानपुऱ्याच्या सुरावर येणारी ती धून आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. ती कुणीतरी रचली असेल, त्या माणसाला नाव असेल, त्याने आणखी पुष्कळ लिहिलं असेल, हे मात्र मनात कधी आलंच नव्हतं.

नाव वॉल्टर कॉफमन. जन्म 1907चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडचा. घर जर्मन बोलणाऱ्या ज्यूंचं. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकरकडे संगीतरचना शिकली आणि प्रागमध्ये संगीतशास्त्राचा अभ्यास केला. तिथले एक प्राध्यापक नाझींचे समर्थक निघाले, म्हणून हाताशी आलेली डॉक्टरेट त्यांनी नाकारली. 1934 साली ते मुंबईत उतरले, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता. पुढे 1937पासून मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. शिवरंजनीच्या सुरांतली ती धून याच मुक्कामातली.

सर हे सगळं हातातलं काम न थांबवता सांगतात. ते मूळचे वसईचे. चर्चच्या गायकवृंदात पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकले, नोकरी तारापूरला झाली आणि निवृत्त झाल्यावर बोईसरलाच राहिले. एक आकडा त्यांच्या तोंडून सारखा येतो. मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमननी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. दर गुरुवारी मैफल. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. मे 1937पर्यंत एकशे छत्तीस कार्यक्रम झाले होते.

“एकशे छत्तीस,” सर पेन्सिलला टोक काढत म्हणतात. “परक्या गावात. आणि आपल्याकडे महिन्यातून एकदा सगळी पोरं जमली तरी खूप!”

तालमीला येणाऱ्या चार-पाच जणांत एक अकरावीतली मुलगी आहे. तिचे वडील एका रासायनिक कारखान्यात पाळीवर जातात. तिला हार्मोनियम येते, व्हायोलिन अलीकडे हातात आलंय आणि पाच रेघा वाचताना ती अजून अडखळते. म्हणून सर प्रत्येक ओळ दोनदा लिहितात. वर पाश्चात्त्य नोटेशन आणि खाली भातखंडे पद्धतीने सा-रे-ग-म, कोमल स्वराखाली आडवी रेघ. मला हे पाहणं फार मोलाचं वाटलं, कारण कॉफमननी आयुष्यभर हेच केलं. आशियातल्या स्वरलेखनपद्धतींवर त्यांचं 1967चं पुस्तक आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आलेला उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ भातखंड्यांच्या थाटांच्याच चौकटीत बसवलेला आहे. एका भाषेतला सूर दुसरीच्या कागदावर नेताना काय काय गळून पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

“सर, हापण शिवरंजनीच ना?” मुलगी विचारते.

“राग शोधू नकोस बाळा. आधी जे वाजतंय ते लिही.”

कॉफमनना भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं वाटलं होतं, त्यात काही कळेना. पण कोट्यवधी माणसं ज्याच्यावर जीव टाकतात ते निरर्थक असणार नाही, उणीव आपल्याच कानात आहे, असं त्यांनी ठरवलं आणि ते शिकायला लागले. गोंड आणि बैगांच्या गाण्यांवर त्यांनी 1941मध्ये लेख लिहिला. आमच्या जिल्ह्यात भाताची कापणी झाली की रात्रभर तारपा वाजतो, त्याभोवती वारली फेर धरतात, आणि शेजारच्या शहरी इमारतीतल्या आपल्या लोकांना तो अजून नुसता गोंगाट वाटतो. युरोपातून जीव वाचवून आलेल्या माणसाने दाखवलेली ही नम्रता आपल्याला आपल्याच मातीतल्या वाद्याबाबत का दाखवता येत नाही, हा प्रश्न मला त्या खोलीत बसल्यावर नेहमी सतावतो.

1946मध्ये कॉफमननी मुंबई सोडली. इंग्लंड, मग कॅनडा. 1948पासून विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक, 1957पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. 1984मध्ये तिथेच गेले. विद्वान म्हणून त्यांचं नाव राहिलं, रचनाकार म्हणून पुसलं गेलं. मला यात नवल वाटत नाही. रचना जिवंत ठेवायला प्रकाशक लागतात, वादक लागतात, वर्षानुवर्षं तेच सूर ऐकणारं गाव लागतं, आणि निर्वासिताचं नेमकं हेच तुटतं. त्यांचे कागद ब्लूमिंग्टनच्या संगीत ग्रंथालयात आहेत. टोरोंटोच्या रॉयल कॉन्झर्वेटरीतला ‘एआरसी एन्सेम्बल’ हा वादकसंच सायमन विनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली परागंदा रचनाकारांचं विस्मृतीत गेलेलं संगीत पुन्हा वाजवतो. त्यांनी 2020मध्ये कॉफमनच्या काही रचनांचं ध्वनिमुद्रण काढलं. सरांच्या मोबाइलवर वाजतंय ते त्यातलंच अकरावं क्वार्टेट.

टोरोंटोच्या वादकांनी मोठं काम केलं, यात शंका नाही. पण ध्वनिमुद्रणाने संगीत ऐकायला मिळतं, ते हातात येत नाही. ते हातात येण्यासाठी कुणीतरी असं बसून, मागे नेऊन, पुन्हा मागे नेऊन, एकेक स्वर कागदावर आणावा लागतो आणि तो एका पोरीच्या बोटांना शिकवावा लागतो. शिवाय मला ठामपणे वाटतं की हे संगीत आधी इथे वाजायला हवं. ज्या शहराने कॉफमनना बारा वर्षं थारा दिला आणि ज्या आकाशवाणीने त्यांच्या धूनने लाखो घरं उठवली, त्या मुंबईच्या केंद्रावरून त्यांचं एखादं पूर्ण क्वार्टेट का ऐकू येऊ नये? वर्धापनदिनाला धूनची आठवण काढून हार घालण्यापेक्षा ते मोठं होईल.

तालमीत त्या दिवशी पहिल्या सोळा मात्रा बसल्या. म्हणजे दोन्ही व्हायोलिनं एका जागी सुरू होऊन एका जागी थांबली. मधे मुलीचा गज दोनदा घसरला. सरांनी वही बंद केली नाही, ताल हातावर मोजत तिच्याकडून तेवढंच पुन्हा काढून घेतलं. तिसऱ्यांदा तिने कोमल गंधार असा लावला की सरांनी मोजायचं थांबवलं आणि नुसतं ऐकलं.

व्हिओला कुणाकडेच नाही. ती ओळ सर तिसऱ्या व्हायोलिनसाठी लिहितायत. जो स्वर व्हायोलिनवर खाली पोचत नाही तो एक सप्तक वर घेतात आणि कागदाच्या कडेला तशी खूण करतात, म्हणजे उद्या कुणाला व्हिओला मिळाला तर मूळ स्वर वाजवता येईल. चेलो वाजवणारा एक तरुण वसईत सापडलाय. त्याला फक्त रविवार मोकळा असतो आणि एवढं मोठं वाद्य घेऊन डहाणू लोकलमध्ये चढणं त्याला जमत नाही. म्हणून पुढची तालीम वसईला ठरली आहे. चेलोची ओळ अजून अर्धी बाकी आहे. शनिवारपर्यंत ती त्याला पाठवायची, असं सरांनी कबूल केलंय.