गोळी नवी की जुनी?

स्किझोफ्रेनियावरचं नवं औषध जुन्यापेक्षा सरसच, हा समज अमेरिकेतल्या ‘केटी’ चाचणीने २००५ साली मुळापासून हलवला. १,४०० हून अधिक रुग्ण, १८ महिन्यांची मुदत, आणि चार नव्या औषधांसमोर १९५०च्या दशकातलं स्वस्त परफेनाझिन. ७४ टक्के रुग्णांची पहिली गोळी मुदतीआधीच बंद झाली. परफेनाझिन बहुतेक नव्या औषधांच्या बरोबरीने टिकलं. ओलान्झापिन थोडं पुढे राहिलं खरं, पण त्यावरच्या रुग्णांचं वजन महिन्याला सरासरी जवळजवळ एक किलोने वाढत गेलं. रक्तातली साखर आणि चरबीही वाढली.

यावर रास्त आक्षेप असा, की जुन्या औषधांनी हात थरथरतात, वर्षानुवर्षांनी जीभ-ओठ आपोआप चाळवत राहतात, आणि हे दिसायला १८ महिने अपुरे. ते मान्यच. शिवाय ज्यांना जीभ-ओठांचा हा त्रास आधीपासून होता, त्यांना परफेनाझिन दिलंच नव्हतं. पण आधीच्या कित्येक तुलनांत जुन्या हॅलोपेरिडॉलचा डोस भारी असे, त्यामुळे थरथर जास्त दिसणारच. म्हणून निवड औषधाच्या पिढीवरून नव्हे, रुग्णाच्या शरीरावरून व्हावी: घरात मधुमेह असेल तर ओलान्झापिनआधी विचार हवा. क्लोझापिन मात्र खरोखर वेगळं. इतर औषधं हरतात तिथे ते चालतं, फक्त पांढऱ्या पेशींसाठी रक्त नियमित तपासावं लागतं.