विश्लेषण : ई-दुचाकींचे अनुदान घटले, कंपन्यांचे गणित का बिघडले?

१ जून २०२३ रोजी विजेवर चालणाऱ्या दुचाकींवरील केंद्राचे अनुदान एका झटक्यात कमी झाले. त्याआधीच्या मे महिन्यात देशभरात एक लाखाहून अधिक ई-दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्ये हा आकडा ४६ हजारांच्या आसपास आला. त्याच सुमारास काही कंपन्यांचे आधीचे अनुदानही सरकारने अडवले होते. २०२१-२२ या वर्षात विक्रीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या कंपनीवर पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ई-दुचाकींची एकूण विक्री मात्र वाढतच गेली. बाजार वाढत असताना त्यातील कंपन्या अडचणीत का आल्या, याचे उत्तर अनुदानाच्या रचनेत आहे.

अनुदानात नेमका काय बदल झाला?

ई-वाहनांना चालना देण्यासाठी केंद्राने १ एप्रिल २०१९ पासून ‘फेम-२’ ही योजना लागू केली. तिच्यासाठी १० हजार कोटी रुपयांची तरतूद होती. सुरुवातीला दुचाकीच्या बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे १० हजार रुपये मिळत आणि ही रक्कम वाहनाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नसे. करोनाकाळात विक्री थंडावली, तेव्हा जून २०२१ मध्ये दर १५ हजार आणि मर्यादा ४० टक्के करण्यात आली. विक्रीने वेग घेतला तो यानंतर. मे २०२३ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि दर पुन्हा १० हजारांवर, तर मर्यादा थेट १५ टक्क्यांवर आणली. अधिसूचना आणि अंमलबजावणी यांत दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

यातला खरा घाव दराचा नव्हे, मर्यादेचा होता. कारखान्यातून निघतानाची किंमत १ लाख २० हजार रुपये आणि बॅटरी ३ किलोवॅट-तासांची, अशी स्कूटर घेऊ. मेपर्यंत तिच्यावर ४५ हजार रुपये अनुदान मिळत होते. नव्या दराने ही रक्कम ३० हजार व्हायला हवी. पण १५ टक्के मर्यादेमुळे ती १८ हजारांवरच थांबते. म्हणजे एका रात्रीत २७ हजारांचा फरक. लोकप्रिय मॉडेलच्या किमती त्या वेळी साधारण १५ ते ३० हजार रुपयांनी वाढल्या. उरलेला भार कंपन्यांनी स्वत: उचलला.

विक्री खरोखरच निम्म्याने घटली का?

मे आणि जूनची थेट तुलना काहीशी फसवी आहे. भाव वाढणार हे कळल्यावर अनेकांनी मेमध्येच खरेदी उरकली. एप्रिल २०२३ मधील नोंदणी ६६ हजारांच्या घरात होती. त्या तुलनेत जूनमधील घट सुमारे ३० टक्के भरते. वर्षअखेरपर्यंत विक्री सावरली आणि २०२३-२४ मध्ये सुमारे साडेनऊ लाख ई-दुचाकी विकल्या गेल्या. आदल्या वर्षी हा आकडा सव्वासात लाखांच्या आसपास होता.

मात्र कारखाना वार्षिक सरासरीवर चालत नाही. सुट्या भागांच्या मागण्या काही महिने आधी नोंदवलेल्या असतात, बॅटरीचे सेल परदेशातून यायचे असतात आणि विक्रेत्याच्या गोदामातील मालावर व्याज चढत असते. एका महिन्यात मागणी फुगली आणि पुढच्याच महिन्यात आटली, तर वर्षाचा आकडा चांगला दिसूनही मधले महिने तोट्यात जातात. हाच खेळ पुढच्या वर्षीही झाला. ‘फेम-२’ संपण्याच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये नोंदणी सव्वा लाखाच्या वर गेली आणि एप्रिलमध्ये ६५ हजारांच्या आसपास घसरली.

अनुदान ग्राहकाचे, मग तोटा कंपनीला कसा?

‘फेम-२’मध्ये सरकार ग्राहकाच्या खात्यात पैसे जमा करत नव्हते. विक्रेता ग्राहकाला अनुदान वजा करूनच गाडी देई. नंतर कंपनी तेवढ्या रकमेचा दावा मंत्रालयाकडे दाखल करी आणि छाननीनंतर तिला परतावा मिळे. थोडक्यात, अनुदान सरकारचे असले तरी आधी खिशात हात घालावा लागे तो कंपनीला.

महिन्याला ५ हजार स्कूटर विकणारी कंपनी घेतली, तर प्रत्येकी ४५ हजारांप्रमाणे दरमहा साडेबावीस कोटी रुपये अडकतात. परतावा सहा महिने थांबला तर ही रक्कम १३५ कोटींवर जाते. खेळत्या भांडवलासाठी बँकेवर अवलंबून असलेल्या मध्यम आकाराच्या कंपनीचे दात अशा वेळी घशात जातात. सुट्या भागांच्या पुरवठादारांची देणी थकतात, ते माल थांबवतात, उत्पादन घटते आणि विक्रेत्यांकडे गाड्या येईनाशा होतात. शेवटचा फटका बसतो तो दुकान भाड्याने घेऊन एजन्सी चालवणाऱ्याला आणि सुट्या भागासाठी खेपा घालणाऱ्या ग्राहकाला.

परतावा का अडला?

अनुदानाला एक महत्त्वाची अट होती. मोटर, कंट्रोलर, चार्जर असे ठरावीक भाग टप्प्याटप्प्याने देशातच तयार वा जोडलेले असायला हवे होते. परदेशातून, मुख्यत: चीनमधून सुटे भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्यांना करदात्यांचा पैसा मिळू नये, हा त्यामागचा हेतू. काही कंपन्या ही अट पाळत नसल्याच्या तक्रारी २०२२ मध्ये मंत्रालयाकडे आल्या. वाहनांची तपासणी पुण्यातील ‘एआरएआय’ आणि मानेसरच्या ‘आयकॅट’ या चाचणी संस्थांकडे सोपवण्यात आली आणि दरम्यान परतावे थांबले. अडकलेली रक्कम १,२०० कोटी रुपयांहून अधिक असल्याचा दावा ई-वाहन उत्पादकांच्या संघटनेने केला होता.

तपासणीनंतर केंद्राने सात कंपन्यांकडून सुमारे ४६९ कोटी रुपये परत मागितले. त्यांत हिरो इलेक्ट्रिक, ओकिनावा, ग्रीव्ह्जची अ‍ॅम्पिअर, रिव्होल्ट यांचा समावेश होता. ग्रीव्ह्ज आणि रिव्होल्टसह काहींनी पैसे भरले, तर हिरो इलेक्ट्रिक आणि ओकिनावा यांनी आरोप अमान्य केले. देशात आवश्यक भाग पुरेशा प्रमाणात तयारच होत नव्हते आणि करोनामुळे पुरवठा साखळी कोलमडली होती, असा उद्योगाचा युक्तिवाद होता. त्यावर सरकारचे म्हणणे सरळ होते : अट मान्य करून अनुदान घेतले, तर अट पाळली पाहिजे.

दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला तरी एक गोष्ट उरते. ग्राहकाला सवलत देऊन झाली होती आणि त्याच्याकडून ती परत घेणे शक्य नव्हते. त्यामुळे दावा नामंजूर होताच पूर्ण रक्कम कंपनीच्या तोट्यात जमा झाली. २०२१-२२ मध्ये विक्रीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या हिरो इलेक्ट्रिक आणि ओकिनावा यांची विक्री दोन वर्षांत नगण्य झाली. डिसेंबर २०२४ मध्ये एका टायर पुरवठादाराच्या अर्जावर हिरो इलेक्ट्रिकविरोधात दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

चार्जरचा वाद यापेक्षा वेगळा होता. दीड लाख रुपयांपर्यंतच्या दुचाकीलाच अनुदान असल्याने काही कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे आकारत होत्या. मंत्रालयाने हरकत घेतल्यानंतर मे २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो मोटोकॉर्प यांनी ग्राहकांना ही रक्कम परत करण्याचे मान्य केले. हा एकत्रित बोजा ३०० कोटींच्या आसपास होता.

कोण टिकले?

ज्यांच्याकडे दुसरा आधार होता, ते. टीव्हीएस आणि पुण्याची बजाज ऑटो यांच्याकडे पेट्रोल दुचाकींचा नफा होता. ओला आणि एथर यांच्यामागे गुंतवणूकदारांचे भांडवल होते. तरीही त्यांना झळ बसली. एथरचा तोटा २०२२-२३ मधील सुमारे ८६५ कोटींवरून पुढच्या वर्षी १,०६० कोटींच्या घरात गेला. ओलाचा तोटा याच काळात सुमारे १,४७२ कोटींवरून १,५८४ कोटींवर पोहोचला. हा सगळा तोटा अनुदान कपातीचा नाही. संशोधन, नवे कारखाने आणि किंमतयुद्ध यांचाही त्यात वाटा आहे. मात्र आधीच तोट्यात असलेल्या कंपनीला प्रत्येक गाडीमागे काही हजारांचा जादा भार पेलावा लागला, हे खरे. २०२५ मध्ये टीव्हीएस आणि बजाज या जुन्या कंपन्यांनी मासिक विक्रीत ओलाला मागे टाकले. ज्या नवउद्योगांसाठी अनुदान ही शिडी होती, त्यांच्यापेक्षा जुन्या, भक्कम कंपन्यांनाच अखेर मोकळे मैदान मिळाले.

त्यानंतर धोरण सुधारले का?

काही प्रमाणात. एप्रिल २०२४ पासून काही महिन्यांची तात्पुरती योजना आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली. तिच्यात पहिल्या वर्षी प्रति किलोवॅट-तास ५ हजार (कमाल १० हजार) आणि दुसऱ्या वर्षी अडीच हजार (कमाल ५ हजार) रुपये, असा उतरता दर आधीच जाहीर झाला. आधारशी जोडलेल्या ई-व्हाउचरमुळे ग्राहकाची पडताळणी खरेदीच्या वेळीच होऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये दर निम्मा झाला, तेव्हा मार्चच्या तुलनेत नोंदणी घटली; पण ती ९० हजारांच्या वर राहिली. कपातीची रक्कमच आता लहान होती, हे त्याचे एक कारण. पण ती कधी होणार हे आधीपासून माहीत होते, हेही तितकेच महत्त्वाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेची एकूण मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली, पण दुचाकी-तीनचाकींच्या अनुदानाची मुदत मार्च २०२६ हीच ठेवण्यात आली.

सवलतीत बदल केवळ अनुदानातूनच होतो असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ई-दुचाकींवरील ५ टक्के दर कायम राहिला. ई-वाहनांच्या सवलतीला हात न लावताही त्यांचा किमतीतील फायदा त्यामुळे कमी झाला.

इतर देशांत काय घडले?

जर्मनीत नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ६० अब्ज युरोंचा निधी वळवण्याचा सरकारचा निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर डिसेंबरमध्ये अवघ्या एक-दोन दिवसांच्या सूचनेने ई-वाहन अनुदान बंद झाले. २०२४ मध्ये तेथील ई-मोटारींची नोंदणी २७ टक्क्यांनी घटली. अमेरिकेत नव्या ई-मोटारीवरील साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. दोनच आठवड्यांनी जनरल मोटर्सने १.६ अब्ज डॉलरचा, तर डिसेंबरमध्ये फोर्डने १९.५ अब्ज डॉलरचा फटका ताळेबंदात दाखवावा लागणार असल्याचे जाहीर केले. अपेक्षित मागणी धरून उभारलेल्या यंत्रसामग्रीचे मूल्य कमी करणे आणि पुरवठादारांशी केलेले करार मोडणे, यांचा त्यात मोठा भाग होता.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

बजाजसारखी उत्पादक कंपनी, सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग आणि ‘एआरएआय’सारखी संस्था पुणे परिसरात आहे. त्यामुळे धोरणाचा प्रत्येक झोका येथे जाणवतो. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये २०३० पर्यंतचे ई-वाहन धोरण मंजूर केले. त्यात खरेदी अनुदानाबरोबरच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफीचा समावेश आहे. पाच वर्षांची निश्चित मुदत ही त्यातील जमेची बाजू. मात्र त्याच्या महिनाभर आधीच राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांवरील ई-वाहनांवर सहा टक्के कराचा प्रस्ताव आला आणि काही दिवसांत मागेही घेतला गेला.

अनुदान कायम राहावे, अशी अपेक्षा उद्योगालाही नाही. बाजार रुजला की आधार काढून घेणे योग्यच आहे आणि अटी मोडणाऱ्यांकडून वसुलीही व्हायला हवी. पण कपात कधी आणि किती होणार हे आधी कळले, तर कंपनीला किमती, साठा आणि कर्ज यांचे नियोजन करता येते. अटींची तपासणी पैसे वाटून झाल्यावर करण्याऐवजी दावा आला त्याच वेळी झाली, तर सरकारचे पैसे वाचतात आणि प्रामाणिक कंपनीचा परतावाही अडत नाही.