आंबा उतरवावा कधी?

दारचा आंबा लगडला की घरात उतरवायची घाई सुरू होते. पण कोवळे फळ अढीत सुरकुतते, आंबटच राहते. वर्षाचे पीक हातचे जाते.

झाडाखाली पिकला पाड पडू लागला, की आम्ही देठाकडे पाहतो. फळाचे खांदे देठाच्या वर चढले, देठापाशी खळगा पडला, म्हणजे आंबा तयार. शंका वाटली तर दोन-चार फळे काढून पाण्यात सोडावीत. बुडाले ते तयार, तरंगले ते कोवळे. (पोरांना कैरीच हवी असते, ती गोष्ट वेगळी!) मोहोर एकदम येत नाही, तेव्हा सारे झाडही एका दिवशी उतरवू नये.

काठीने झोडपू नये. आपटलेले फळ अढीत सडते अन् शेजारचीही नासवते. झेल्याने काढावे, बोटभर देठ ठेवावा. देठ उपटला की चीक ओघळून साल काळी पडते.