धाक कीं विश्वास?

मूल अभ्यासांत मागें पडलें कीं, सुशिक्षित घरांतूनही प्रथम वेळापत्रक आवळलें जातें. आम्हांस हा उपाय उलटा वाटतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य पुढें कोसबाडास गेलें. तेथील कित्येक आदिवासी मुलें शाळेंत येत ना, कारण त्यांना गुरें राखावीं लागत. या बाईंनीं शाळाच कुरणांत नेली, तीच 'कुरणशाळा'. गुरें चरत आणि मुलें शिकत. शिक्षण होतच होतें. सुटली ती केवळ घंटा.

आपल्या मुलासही दटावण्यापूर्वीं "तुला कोणती वेळ सोयीची?" असें विचारून पाहावें. स्वतः ठरविलेली वेळ मोडतांना त्यास जो संकोच वाटतो, तो आपण लादलेली मोडतांना वाटत नाहीं.