कर्जाची गाडी बुडाली, भरपाई कोणाला?

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर आणि विमा पॉलिसीतही बँकेचं नाव असतं. कारण गाडी बँकेकडे तारण असते. गहाण दागिनाच हा, फक्त अंगावर घालून फिरता येणारा!

दाराला पोचा आला, तर हे तारण जाणवतही नाही. सर्व्हेअर पाहणी करतो आणि कॅशलेस गॅरेजला विमा कंपनी परस्पर पैसे देते.

पण पुरात गाडी बुडाली आणि दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर ती ‘टोटल लॉस’ ठरते. मग भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. समजा, भरपाई ६ लाख आणि कर्ज बाकी ४ लाख, तर मालकाला उरतात २ लाख. बाकी ७ लाख असेल, तर वरचा १ लाख मालकानेच भरायचा.

असं का होतं? विमित मूल्य घसाऱ्यामुळे भराभर उतरतं, तर सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असल्याने मुद्दल हळूहळू फिटतं. ही दरी बरीचशी भरून काढायला ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे पूरक संरक्षण घेता येतं.

आणि दावा मंजूर होईपर्यंत हप्ता थांबवू नका. गाडी बंद पडली, तरी कर्ज चालूच असतं.