चावीवाला कुठे शिकतो?

पुणे-बंगळुरू महामार्गावर कराडला लागूनच मलकापूर आहे. कृष्णा रुग्णालय आणि तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे दूरदूरची माणसे इथे येऊन राहतात. आगाशिवनगर भागात वसाहती वाढल्या. चोवीस तास पाणी देणारे छोटे शहर म्हणून मलकापूरचे नाव राज्याबाहेरही गेले. गाव वाढले की दरवाजे वाढतात आणि दरवाजांबरोबर कुलपे. भाड्याच्या खोल्या, वसतिगृहे, दुकानांची शटर्स, लोखंडी कपाटे, मोटारी, दुचाकी या साऱ्यांना कधी ना कधी चावीवाला लागतोच. रात्री अकरा वाजता लहान मूल आत आणि आई बाहेर अशी वेळ आली, तर त्या घटकेला त्याच्याइतका मोलाचा कारागीर दुसरा नाही. पण हा माणूस हे काम कुठे शिकला, हे आपण कधी विचारत नाही.

सरकारने त्याची दखल घेतली ती अलीकडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, शिंपी यांच्या पंक्तीत कुलूप बनवणारा कारागीरही आहे. योजनेच्या पहिल्या वर्धापनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या वर्ध्यात झाला. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात, आधारच्या साहाय्याने होते. खेड्यातल्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते, मलकापूरसारख्या शहरातल्या अर्जाची नगरपरिषदेकडे. त्यानंतर पाच ते सात दिवसांचे, म्हणजे चाळीस तासांचे मूलभूत प्रशिक्षण. इच्छा असेल तर पुढे एकशे वीस तासांचे प्रगत प्रशिक्षण. या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर आणि तारणाशिवाय आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने.

ही मदत खरी आहे आणि ज्याच्या हातात आधीपासून कानस आहे त्याने ती जरूर घ्यावी. मात्र या योजनेचा लाभ त्या व्यवसायात आधीच काम करणाऱ्या, स्वयंरोजगार असलेल्या कारागिरालाच मिळतो, आणि एका कुटुंबातल्या एकालाच. म्हणजे जो चावीवाला आहे त्याला ती पुढे नेते. ज्याला चावीवाला व्हायचे आहे, अशा बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने कुठे जायचे? आयटीआयच्या नेहमीच्या यादीत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आहेत. कुलूप-चावीचा स्वतंत्र अभ्यासक्रम तिथे दिसत नाही. फिटर घडवायला दोन वर्षे लागतात हे आपण मान्य केले आहे. चावीवाल्याच्या बाबतीत मात्र तो आपोआप घडतो असे धरून चाललो आहोत.

हातात काय यावे लागते

घराच्या लॅचमधला सिलिंडर उघडून पाहिला, तर आत छोट्या पितळी पिनांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीमागे एक स्प्रिंग. योग्य चावी आत गेली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. एखादा सांधा मिलिमीटरच्या अंशाने जरी वर-खाली राहिला, तरी गाभा अडतो. ही रचना आजच्या रूपात आणली अमेरिकेच्या लायनस येल (धाकटे) यांनी, १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून. आपल्याकडच्या जाड कुलपांत आणि कपाटांत बहुधा लिव्हर असतात. चावीचा प्रत्येक दात एकेका पट्टीला नेमक्या उंचीवर उचलतो, तेव्हाच दांडा सरकतो.

मूळ चावी हाताशी असेल, तर यंत्रावर नक्कल दोन मिनिटांत निघते. खरा कस लागतो तो चावी हरवल्यावर. कोरी चावी आत घालायची, हलक्या हाताने ताण द्यायचा, बाहेर काढून तिच्यावर उमटलेला बारीक ओरखडा उजेडात वाचायचा आणि तेवढेच कानसायचे. एक घास जास्त लागला की ती चावी वाया. यासाठी नजर लागते, बोटांना स्पर्श कळावा लागतो, पितळ आणि पोलादातला फरक कानशीच्या आवाजावरून ओळखावा लागतो. जाम झालेल्या सिलिंडरमध्ये खोबरेल तेल सोडले तर धूळ चिकटून ते आणखी जाम होते, तिथे ग्रॅफाइटची पूड हवी, हेही शिकावेच लागते. आता त्यात मोटारीच्या चिप असलेल्या चाव्या आणि बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपे आली. चिपची चावी नुसती कापून भागत नाही, गाडीच्या संगणकाशी तिची ओळख करून द्यावी लागते. चाळीस तासांत यांची तोंडओळख होईल, हात बसणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात कुलूप-कारागीर हत्यारे बनवणाऱ्या कारागिरांच्या गटात येतो, तो याच कौशल्यामुळे.

कुलपातून उभे राहिलेले कारखाने

लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये नव्या रचनेच्या कुलपाचे पेटंट घेतले. ते इतके सूक्ष्म होते की हाताने एकसारखे भाग बनेनात. १७८९ मध्ये त्यांनी हेन्री मॉडस्ली नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाला कामावर घेतले. कुलपाचे भाग बनवण्यासाठी मॉडस्लीने यंत्रे घडवली आणि पुढे अचूक लेथच्या विकासात त्याचे नाव कायमचे जोडले गेले. ब्रामांनी दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवून ते उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. ते उघडले १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी, अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्ज यांनी. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास त्यांना खपावे लागले. त्यावर मोठा गदारोळ झाला, पण त्यातूनच कुलपे सुधारली. दोष लपवून सुरक्षा येत नाही, तो समजून घेणारे हात तयार करावे लागतात, हा धडा तेव्हाचा आहे.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली आणि शस्त्रक्रियेची उपकरणे बनवून पाहिली. तो प्रयत्न फसल्यावर १८९७ मध्ये ते मुंबईच्या लालबागमध्ये कुलपांकडे वळले. पुढची तिजोरी, कपाट आणि विक्रोळीचा सारा पसारा त्या कुलपानंतरचा. सातारा-सांगलीच्या पट्ट्यालाही ही परंपरा परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काचकारखान्याने प्रभाकर कंदील घरोघर नेला. दोन्ही ठिकाणी आसपासच्या खेड्यांतली माणसे शिकून कारागीर झाली.

कारखान्यांच्याही आधी गावात लोहार होता. कडी-कोयंडा त्याच्याच भट्टीतून येई. तलवारींना धार लावणारे शिकलगार याच भागात राहत आले. उत्तरेतून आलेले सिकलीगर शीख एके काळी शस्त्रे घडवत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्या धंद्याला वेसण घातली आणि त्यांच्यातले कितीतरी जण सुऱ्या, कुलपे, चाव्या यांकडे वळले. चाव्यांचा जुडगा खांद्याला लावून गल्लोगल्ली फिरणारा माणूस हा त्या मोठ्या कारागिरीचा वारस आहे. त्याने ती बापाकडून, चुलत्याकडून शिकली. खानापूर-आटपाडीकडची मुले सोने-चांदीच्या गलाईचा धंदा अशीच नातेवाइकांच्या दुकानात शिकली आणि देशभर पसरली. ही पद्धत उत्तम कारागीर देते. तिची मर्यादा एवढीच की नात्याबाहेरच्या मुलाला तिथे जागा नसते आणि शिकलेल्याच्या हाती कागद नसतो.

कागद का हवा

चावीवाल्याला कागदाची गरज इतर कारागिरांपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडले, तर तो गुन्हा ठरू शकतो. चावीवाल्याच्या पिशवीत नेमकी तशीच हत्यारे असतात आणि त्याला बोलावणेही रात्रीच येते. तो प्रामाणिक आहे याचा पुरावा त्याच्याजवळ काय? आणि दारात उभ्या असलेल्या बाईला तरी त्याची खात्री कशी पटावी?

अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या राज्यांत या कामाला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये सक्ती नाही, पण मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन आपल्या सदस्यांची पार्श्वभूमी आणि काम दोन्ही तपासते. आपण परवान्याचे जंजाळ उभे करू नये, गरीब कारागीर त्यातच भरडला जाईल. शिक्षण, ओळखपत्र आणि साधी नोंदवही मात्र हवी. कोणाच्या घरी, कोणत्या पुराव्यावर कुलूप उघडले, याची नोंद ठेवण्याची सवय शिकतानाच लागली पाहिजे. साबणावर किंवा मेणावर छाप घेऊन कोणी आले, तर नाही म्हणायचे, हा त्या धड्यातला पहिला नियम.

विश्वास टाकला तर माणूस त्याला जागतो, हे या मातीने दाखवले आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी केली. 'दो आंखें बारह हाथ' या व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. भिंतीवाचून कैद्यांवर विश्वास ठेवणाऱ्या या प्रदेशाने प्रामाणिक कारागिरावर तो ठेवायला कचरू नये.

काय करता येईल

कराडला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. फिटरच्या कार्यशाळेत व्हाइस, कानशी, ड्रिल, व्हर्निअर सगळे आहे. तिथेच सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवता येईल. पहिले दोन महिने कानसकाम आणि मोजमाप, पुढचे दोन लिव्हर, सिलिंडर, शटर, कपाट आणि तिजोरी यांची जोडणी-दुरुस्ती, शेवटचे दोन मोटारीच्या चाव्या आणि इलेक्ट्रॉनिक कुलपे. त्याच काळात आठवड्यातले दोन दिवस अनुभवी चावीवाल्याच्या टपरीवर उमेदवारी. त्या जुन्या कारागिराला शिक्षक म्हणून मानधन मिळावे आणि परीक्षा घेऊन त्याच्याही कौशल्याला प्रमाणपत्र द्यावे. प्रवेशाआधी पोलीस पडताळणी व्हावी. मुलींसाठी जागा राखाव्यात, कारण एकट्या राहणाऱ्या महिलांना आणि वसतिगृहांना स्त्री कारागीर हवी असते आणि हे काम ताकदीचे कमी, नजरेचे जास्त आहे.

मलकापूर नगरपरिषदेला एक काम उद्यापासून करता येईल. विश्वकर्मा योजनेसाठी पडताळणी करताना शहरातल्या चावीवाल्यांची यादी तयार होतेच. त्यांच्या संमतीने ती पोलीस ठाण्यात द्यावी आणि नागरिकांसाठी फलकावर लावावी. वाचकांनाही एक विनंती. चौकातल्या चावीवाल्याने विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवले आहे का, हे त्याला विचारा. नसेल तर आधार घेऊन त्याच्याबरोबर सेवा केंद्रापर्यंत जा. त्याच्याकडे शिकू इच्छिणारे एखादे मूल तुमच्या माहितीत असेल, तर त्या दोघांची गाठ घालून द्या. अभ्यासक्रम सुरू होईल तेव्हा होईल, ही शाळा आजच भरू शकते.