मळीच्या टाकीचा पाया आणि भूकंपाचा हिशोब

माळशिरस तालुक्यात शंकरनगर-अकलूज, माळीनगर, श्रीपूर येथे साखर कारखाने आहेत. कारखाना म्हटला की मळीच्या मोठ्या लोखंडी टाक्या आल्याच. फॅब्रिकेशन व वेल्डिंगच्या धंद्यात आपले बरेच तरुण आहेत, आणि अशा टाक्यांची कामे लहान ठेकेदारांकडेही येतात. कापडाच्या व्यापाऱ्याने यात का पडावे, असे कोणी विचारील. पण कोटेशनमध्ये काटछाट कुठे होते, ते कुठल्याही व्यापाऱ्याला कळते. टाकीच्या कामात ती पायात आणि बोल्टात होते, कारण ते गिऱ्हाईकाच्या नजरेत भरत नाही.

आपल्याकडे कुठला भूकंप, ही समजूत प्रथम सोडावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरले, तेव्हा सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होता. पुढे 2002 च्या भारतीय मानकात विभाग 1 रद्दच झाला आणि यादीत सोलापूर विभाग 3 मध्ये आले. पश्चिमेला कोयना आहेच. तिथला 11 डिसेंबर 1967 चा भूकंप जुन्या लोकांना आठवतो.

आता मळीचे वजन पाहा. पाण्याच्या ती सुमारे 1.4 पट जड. 20 मीटर व्यासाची, 10 मीटर उंच भरलेली टाकी घ्या. पाणी भरले तर सुमारे 3,140 टन, मळी भरली तर 4,400 टन. म्हणजे पाणी भरून चाचणी घेतली, गळती नाही, तरी साडेबाराशे टन बोजा पायाने अजून पाहिलेलाच नाही! भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पहिल्या हंगामात मळी टप्प्याटप्प्याने भरावी आणि प्रत्येक टप्प्याला पाया किती खचला याची मोजणी करून ती लिहून ठेवावी. आपल्या काळ्या जमिनीत तर हे फारच जरुरीचे, कारण ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. काळी माती काढून खाली मुरुमापर्यंत जावे, भराव थराथराने दाबावा आणि टाकीच्या भिंतीखाली काँक्रीटचे कडे द्यावे.

धक्का बसला की आतील द्रवाचा खालचा भाग टाकीच्या भिंतीबरोबरच हलतो, आणि वरचा भाग हिंदकळतो. वरील मापाच्या टाकीत एक हेलकावा जवळजवळ पाच सेकंदांचा असतो. टाकी एका बाजूने उचलू पाहते, तेव्हा समोरच्या बाजूचा पत्रा तळाशी दबून हत्तीच्या पायासारखा फुगतो. 1964 च्या अलास्का भूकंपात असे अनेक टाक्यांचे झाले.

रुंद व बुटकी टाकी बहुधा स्वतःच्या व द्रवाच्या वजनाने बसून राहते. उंच व अरुंद टाकीला अँकर बोल्ट लागतात. इथे एक गोष्ट आमच्या व्यापारी डोक्याला उलटी वाटेल: जाड बोल्ट म्हणजे मजबूत काम, असे नाही. बोल्ट ताणला जावा, पत्रा फाटू नये, अशी इंजिनियरची योजना असते. ठेकेदाराने जवळ पडलेला जाड बोल्ट मेहरबानी म्हणून घातला, तर बोल्ट शाबूत राहील आणि भिंतीचा पत्रा फाटेल. बोल्ट नुसत्या तळपत्र्यावर अडकवूनही चालत नाही. भिंतीला खुर्चीसारखा आधार वेल्ड करून त्यावर तो कसावा लागतो. टाकीला जोडलेल्या पाइपलाही थोडी लवचिकता हवी, नाहीतर टाकी बोटभर हलली तरी पाइप मुळाशी तुटतो.

मळी सावकाश वाहते, म्हणून धोका कमी, असे मानू नये. 15 जानेवारी 1919 रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात मळीची टाकी फुटली आणि 21 माणसे मेली. तिथे भूकंप नव्हता. टाकी कच्ची होती व भरण्यापूर्वीची चाचणी नावापुरती झाली होती.

तेव्हा आपल्या ठेकेदार बंधूंनी काम घेताना मातीच्या तपासणीचा अहवाल आणि इंजिनियरच्या सहीचे बोल्टचे ड्रॉइंग आधी मागावे. टाकी मळीच्या वजनावर बेतली आहे की पाण्याच्या, हे लेखी घ्यावे. दर कमी करायचाच असेल तर रंगात करा, शिडीच्या नक्षीत करा.